घोडे मेले तर भुर्दंड कोणाला? शिलेदार, बारगीर आणि रोमन शिपाई

दिव्याची जळती वात उंदराने ओढून नेली, ती वाळल्या गवताच्या गंजीत पडली, आग भडकली आणि पागेतील घोडी होरपळून मेली, तर दोष कोणाचा? उंदराचा, दिवा तसाच ठेवून झोपी गेलेल्या स्वाराचा, त्याच्या हवालदाराचा, की छावणीवर देखरेख करणाऱ्या कारकुनाचा?

हा प्रश्न काल्पनिक नाही. मे १६७३ मध्ये (काही अभ्यासक १६७४ मानतात) छत्रपती शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना एक पत्र पाठविले. त्यात हा उंदीर आणि ही वात, दोन्ही आहेत. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, या आशयासाठी हे पत्र बहुतेकांना ठाऊक असते आणि त्याची ती कीर्ती रास्तच आहे. पण मूळ पत्र सावकाश वाचले तर त्यातील मोठा भाग घोड्यांविषयी, दाण्याविषयी, गवताविषयी आणि आगीविषयी आहे. सरकारी मालमत्तेच्या जबाबदारीचा तो एक अस्सल दस्तऐवज आहे. आजचा धागा त्या अंगाने. थोडा लांब आहे, सवडीने वाचा.

आधी प्रसंग समजून घेऊ. लष्कराचा मुक्काम चिपळुणास पडला होता. दाभोळ सुभ्यात पावसाळ्यासाठी पागेकरिता जो दाणागोटा साठविला होता, त्यातील बराचसा या मुक्कामातच संपला. पावसाळा तोंडावर आलेला, घाटावर जाण्याचा हंगाम उलटलेला. महाराजांनी कारकुनांकडून आणि गडोगडीच्या कोठारांतून मिळेल तो गल्ला देववून पागेची कशीबशी बेगमी केली आणि मग अधिकाऱ्यांना बजावले. हाती आहे तोवर मन मानेल तसा दाणा आणि गवत चारून टाकाल, तर ऐन पावसाळ्यात काहीच मिळणार नाही. घोडी उपाशी मरू लागतील, आणि मग ती घोडी तुम्हीच मारली असे होईल.

या वाक्यापाशी थांबायला हवे. घोडे भुकेने मरेल, रोगाने मरेल, पावसात गारठून मरेल; कारण काहीही असो, मरण टाळता येण्याजोगे होते आणि ते टाळले नाही, तर त्याची जबाबदारी शत्रूवर नाही, दैवावर नाही, अधिकाऱ्यावर आहे. आगीबद्दलही तोच रोख. कोणी शेकोट्या पेटवील, कोणी भलत्याच जागी चुली मांडील, कोणी तंबाखू ओढायला विस्तव नेईल, गवत जवळ आहे की वारा सुटला आहे याचा विचारही करणार नाही. एकदा गंज पेटली की कुणब्यांची डोकी मारली किंवा कारकुनांना तंबी दिली तरी एक काडी मिळायची नाही, एक खण उभा राहायचा नाही. राज्यकर्त्याच्या पत्रात हा स्पष्टपणा क्वचित दिसतो. झालेले नुकसान शिक्षेने भरून निघत नाही, हे ज्याच्या हाती शिक्षेचा सारा अधिकार आहे तोच सांगत आहे.

पत्राच्या मायन्यात एक छोटासा शब्द आहे, 'पायगो', म्हणजे पागा. हे लोक पागेचे होते. त्यांच्या दावणीची घोडी त्यांच्या मालकीची नव्हती, सरकारची होती. हा शब्द नजरेतून निसटला तर पत्राचा सूर नीट कळत नाही.

मराठी घोडदळात स्वारांचे दोन प्रकार होते, हे शाळेतील पुस्तकात आपण वाचले आहे. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा, शिलेदार म्हणजे स्वतःचे घोडे आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येणारा. परीक्षेत दोन गुणांना येणारा हा फरक आपण पाठ करतो आणि विसरतो. पण त्यामागे एक रोकडा व्यवहार होता. ग्रँट डफने दिलेल्या आकड्यांप्रमाणे शिवकाळात बारगिराला महिना २ ते ५ होन मिळत आणि शिलेदाराला ६ ते १२. दुपटीहून जास्त! शिलेदार बारगिरापेक्षा दुप्पट शूर होता म्हणून का? तसे नाही. त्या वरच्या होनांत घोड्याचा दाणा होता, नाल होती, खोगीर होते, मोतद्दाराची मजुरी होती आणि या सगळ्यांच्या मागे घोडे मरण्याचा धोका होता. तो धोका सरकारने शिलेदाराच्या अंगावर टाकला होता आणि त्याचा मोबदला पगारात मिसळला होता.

आजचे उदाहरण हवे असेल तर घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावर रात्री दहाच्या सुमारास पाहा. पाठीवर चौकोनी पिशव्या घेतलेली मुले दुचाकीवरून घरोघर जेवण पोचवत असतात. ज्याची दुचाकी स्वतःची, हप्ता स्वतःचा, पंक्चर स्वतःचे आणि अपघातात मोडलेला आरसाही स्वतःचा, तो शिलेदार. ज्याला मालकाची गाडी मिळते आणि दर फेरीला कमी पैसे, तो बारगीर. पहिल्याच्या हाती जास्त रक्कम पडते खरी, पण गाडी खड्ड्यात गेली की त्याची रोजी त्या दिवशी थांबते.

'शिलेदार' शब्द फारसी 'सिलाहदार'वरून आला, अर्थ हत्यारबंद माणूस. 'बारगीर' याचा मूळ अर्थ ओझे उचलणारा. मराठीत शिलेदाराला मान मिळाला. पक्षाचे शिलेदार, नाट्यसृष्टीचे शिलेदार, असे आपण सहज म्हणतो. बारगिराला तो मान लाभला नाही. मात्र बंगालमध्ये उलटे घडले. १७४१ नंतर दहा वर्षे नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा तेथे चाल करून जात राहिल्या आणि बंगाली माणसाने त्या साऱ्या स्वारांना एकच नाव दिले, 'बर्गी'. लहान मुलांना झोपविताना बर्गीची भीती घालणारे अंगाईगीत तेथे आजही गातात. ज्याच्या बुडाखालचे घोडेही स्वतःचे नव्हते त्याच्या नावाने एक प्रांत दचकत राहिला. शब्दांचे नशीब विचित्र असते.

आता थोडे रोमकडे वळू, कारण हाच प्रश्न तेथे अठराशे-एकोणीसशे वर्षे आधी विचारला गेला होता आणि त्याची उत्तरे लेखी सापडतात.

इ. स. पू. दुसऱ्या शतकातील ग्रीक इतिहासकार पोलिबियस सांगतो की रोमन पायदळ शिपायाच्या रोजच्या वेतनातून धान्य, कपडे आणि जादा लागलेले हत्यार यांची ठरलेली किंमत खजिन्याचा अधिकारी कापून घेई. म्हणजे तलवार मोडली तर नवी मिळे, पण फुकट नाही. इ. स. पू. १२३ मध्ये गायस ग्रॅकस याने कायदा केला की कपड्यांसाठी कपात करू नये, तो खर्च राज्याने सोसावा. हा कायदा किती काळ पाळला गेला याचे उत्तर पुढच्या शतकातील शिपाईच देतात. इ. स. १४ मध्ये सम्राट ऑगस्टस वारला आणि डॅन्यूब नदीकडच्या सैन्यात बंड उसळले. टॅसिटस या इतिहासकाराने बंडाचा पुढारी पर्सेनियस याच्या तोंडी जे भाषण घातले आहे, त्यातील तक्रार अशी की दिवसाला दहा आस (तांब्याचे नाणे) एवढीच आपल्या देहाची आणि प्राणाची किंमत, आणि त्यातूनच कपडे, हत्यारे आणि तंबू यांचा खर्च भागवायचा.

हे भाषण झाले. भाषणात अतिशयोक्ती असते, टॅसिटसच्या भाषणात तर असतेच. पण सुदैवाने एका शिपायाचा हिशोबच हाती आला आहे. इजिप्तच्या कोरड्या हवेत टिकलेला आणि आता जिनिव्हात असलेला एक पपायरस इ. स. ८१च्या सुमाराचा आहे. त्यात क्विंटस यूलियस प्रोक्युलस नावाच्या शिपायाच्या वर्षभराच्या तीन हप्त्यांची नोंद आहे. प्रत्येक हप्ता २४८ द्राख्मांचा. पहिल्या हप्त्यातून गवत १०, अन्न ८०, जोडे व पट्टे १२, छावणीतील सणाची वर्गणी २०, कपडे ६०, उरले ६६. दुसऱ्या हप्त्यात कपड्यांची कपात नाही, म्हणून १४२ उरले. तिसऱ्या हप्त्यात कपड्यांचेच १४६ कापले आणि गवत, अन्न व जोडे मिळून १०२. बेरीज बरोबर २४८. हाती शून्य!

हा कागद पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तलवारी-ढालींच्या सगळ्या चित्रांपेक्षा तो जास्त बोलका वाटला. चार महिन्यांची चाकरी आणि हाती एक द्राख्मासुद्धा नाही. मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी: या हिशोबात हत्याराची कपात कोठेच नाही. जोडे झिजतात, कपडे फाटतात, म्हणून ती कपात नेमाने येते. तलवार वर्षानुवर्षे चालते. रोमन शिरस्त्राणांवर तर एकाखाली एक अशी दोन-तीन शिपायांची नावे कोरलेली सापडतात. एकाचे शिरस्त्राण दुसऱ्याकडे, त्याच्याकडून तिसऱ्याकडे गेलेले.

पैशांची भरपाई ही एक बाजू. हत्यार गमावण्याला दुसरीही बाजू होती, ती म्हणजे अब्रू. पोलिबियस म्हणतो, लढाईत ढाल किंवा तलवार हातातून गेली की रोमन शिपाई वेड्यासारखा शत्रूच्या गर्दीत घुसे. एक तर हत्यार परत मिळवायचे, नाही तर मरून अपमानातून सुटायचे. इ. स. पू. १६८ मध्ये पिडनाच्या लढाईत थोरल्या केटोच्या मुलाच्या हातून तलवार निसटली. त्याने सोबत्यांना गोळा केले, पुन्हा शत्रूवर चालून गेला आणि प्रेतांच्या व हत्यारांच्या ढिगाऱ्यातून आपली तलवार शोधून काढली. ज्यूलियस सीझरने या वृत्तीचा चतुर उपयोग केला. तो शिपायांना सोन्याचांदीने मढविलेली हत्यारे देत असे. त्यात शोभा होतीच, पण महाग वस्तू हातची जाऊ नये म्हणून शिपाई ती घट्ट धरून लढतील हाही हिशोब होता, असे स्यूटोनियस नोंदवितो.

आणि तिसरी बाजू कायद्याची. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने जुन्या रोमन कायदेपंडितांची मते एकत्र करविली. त्यात पाउलुस या पंडिताचे लष्करी हत्यारांबद्दलचे मत आहे. शिपायाने पोटरीचे किंवा खांद्याचे आवरण विकले तर फटके. चिलखत, ढाल, शिरस्त्राण किंवा तलवार विकली तर तो पळपुट्यासारखाच गुन्हेगार. नवशिक्याला मात्र सहज क्षमा करावी. आणि हत्यारे ठेवणाऱ्याने भलत्या वेळी शिपायाच्या हाती हत्यार दिले असेल, तर दोष बहुधा त्या कोठारवाल्याचाच धरावा. हे शेवटचे वाक्य वाचून चिपळूणचा कारकून आठवतो. खाली काय हरवले याचा शोध घेताना वर कोणी ढिलाई केली हे विचारायचे, ही समज दोन्हीकडे आहे.

परत सह्याद्रीत येऊ.

कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीत शिवचरित्र लिहिले. त्यात पागेची रचना येते. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. शाळेत आपण येथपर्यंत वाचतो. पुढचा तपशील मला अधिक मोलाचा वाटतो: दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पखालजी म्हणजे कातडी पखालीतून पाणी वाहून आणणारा. घोडे सरकारचे, तर त्याला वेळेवर पाणी मिळणे आणि त्याची नाल शाबूत असणे हीही सरकारचीच जबाबदारी, म्हणून त्या कामाची माणसे सरकारने नेमली. बारगिराकडून घोड्याचा जाब मागायचा, तर आधी घोडे जगविण्याचे साधन त्याला द्यायला हवे. शिलेदारांनाही महाराजांनी पागेच्या हुकमतीखाली ठेवले. कोणाला बंड करण्याचे बळ राहू नये, असे कारण सभासदाने उघडच सांगितले आहे. ज्याच्याकडे स्वतःची शंभर घोडी आहेत तो उद्या दुसऱ्या दरबारात चाकरी धरू शकतो. सरकारी घोड्यावर बसलेल्या माणसाला पळून जायचे तर आधी चोर व्हावे लागते.

सभासदाने सांगितलेली आणखी एक रीत अशी. दसऱ्यानंतर लष्कर मुलूखगिरीस निघताना लहानथोर प्रत्येकाजवळ काय काय आहे याची यादी करायची. आठ महिन्यांनी, वैशाखात लष्कर परत आले की सरहद्दीवर झाडा घ्यायचा आणि पहिली यादी पुढे ठेवून ताळा करायचा. जास्त निघेल त्याची किंमत पगारातून वळती करायची, फार मोलाची वस्तू असेल तर ती सरकारात जमा करायची. येथे रोख लुटीच्या मालावर आहे हे खरे. पण अशी यादी एकदा अस्तित्वात आली की तिचे दुसरे टोकही कामाचे ठरते. निघताना काय होते हे लिहिलेले असेल, तरच परत आल्यावर काय नाही हे सांगता येते. जबाबदारीची सुरुवात कारकुनाच्या बोरूपासून होते.

तरीही समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या एका समजाला येथे आवर घातला पाहिजे. शिवरायांच्या सैन्यात प्रत्येक मावळ्याला सरकारातून तलवार मिळे, अशा आशयाचे लेख अधूनमधून दिसतात. ग्रँट डफचे म्हणणे वेगळे आहे: मावळे आणि हेटकरी आपापली हत्यारे घेऊन येत, सरकार त्यांना फक्त दारूगोळा देई. गडी पायदळात भरती होई तो घरची ढाल-तलवार घेऊनच. ती मोडली तर लोहार गावचा आणि पैसे घरचे. स्वराज्याची थोरवी यामुळे कमी होत नाही. जेथे नुकसान सर्वांत महाग होते आणि एकट्या माणसाला झेपण्यासारखे नव्हते, तेथे, म्हणजे घोड्याच्या बाबतीत, सरकारने ते स्वतःच्या अंगावर घेतले. मर्यादित खजिन्याच्या राज्याने नेमके कोठे खर्च करायचा याची ती निवड होती, आणि माझ्या मते अचूक निवड होती.

दारूगोळ्याची सरकारी जबाबदारी कशी पाळायची हे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सापडते. दारूखाना वस्तीच्या घरांजवळ नसावा. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः जाऊन दारू, बाण, हुक्के बाहेर काढावेत, ऊन द्यावे आणि पुन्हा बंद करून मोहोर करावी. पावसाळ्यात तोफांना तेलमेण द्यावे, त्यांच्या कान्यांत मेण भरावे, म्हणजे पाणी शिरून त्या निकामी होणार नाहीत. ज्याने हे लिहिले त्याने ओली दारू ऐनवेळी न पेटल्याचे प्रसंग ऐकले किंवा पाहिले असणार. वीरश्रीची एकही ओळ नसलेला हा भाग मला आज्ञापत्रातील सर्वांत लष्करी भाग वाटतो.

अठराव्या शतकात चित्र पालटले. राज्य नर्मदेपलीकडे गेले, फौजा वाढल्या आणि सरकारी पागा त्या वेगाने वाढविणे कोणालाच परवडेना. शिलेदारांचे प्रमाण वाढत गेले. त्यांना चाकरीस लावताना 'नालबंदी' नावाची आगाऊ रक्कम दिली जाई. नाव नालांचे, पण तीत घोडी तयार करण्याचा सारा खर्च गृहीत धरलेला. मोठे शिलेदार स्वतःच्या घोड्यांवर स्वतःचे बारगीर बसवीत. आता बारगीर सरकारचा न राहता शिलेदाराचा झाला.

याचा परिणाम रणांगणावर दिसला. हिंदुस्थानी घोडदळाबद्दल लिहिणारे त्या शतकातील युरोपीय लेखक एक निरीक्षण पुनःपुन्हा नोंदवितात. स्वाराची सारी दौलत म्हणजे त्याचे घोडे. ते मेले की तो पायउतार होतो, पगार बंद होतो, घर बुडते. म्हणून तोफांच्या माऱ्यात घोडे घालायला तो कचरतो. या लेखकांना एतद्देशीयांना भित्रे ठरविण्याची हौस होती, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावे. पण त्यांनी सांगितलेले कारण खोटे नव्हते. भ्याडपणाचा येथे संबंध नाही. ज्या लढाईचा लाभ सरदाराला आणि तोटा स्वतःला, त्या लढाईत आपले एकुलते भांडवल किती पणाला लावायचे याचा तो हिशोब होता. गनिमी काव्याचे सारे श्रेय घोड्याच्या किमतीला देणे वेडेपणाचे होईल. तरी छापा घालून निसटणाऱ्या युद्धपद्धतीत घोडे वाचते, आणि समोरासमोरच्या तोफांच्या लढाईत ते मरते, हे स्वाराला कोणी शिकवावे लागत नव्हते.

पानिपतावर तर तलवार उपसण्यापूर्वीच हे भांडवल संपत आले होते. १७६०च्या अखेरीस रसद तुटली, दाणावैरण मिळेना, घोडी दावणीला मरू लागली. १४ जानेवारी १७६१च्या सकाळी जे स्वार छावणीबाहेर पडले त्यांतील अनेकांची जनावरे नुसते हाडांचे सापळे उरली होती. चिपळूणच्या पत्रात जी भीती होती, उपासाने घोडी मरतील, तीच येथे शंभरपट होऊन समोर उभी राहिली. फरक इतकाच की या वेळी दाणा उधळणारा कोणी हलगर्जी जुमलेदार नव्हता. वाटच बंद झाली होती.

त्यानंतर महादजी शिंद्यांनी वेगळा रस्ता धरला. द बॉइन या सावॉयच्या सेनानीकडून त्यांनी कवायती पलटणी उभारल्या. आग्र्यास सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर त्यांच्यासाठी तोफा ओती आणि सुमारे १० रुपयांस एक बंदूक तयार होई. एकसारख्या बंदुका, एकसारखा दारूगोळा आणि मालकी सरकारची. शिपायाने घरून काही आणायचे नाही. पायदळापुरता तरी शिलेदारीचा प्रश्न तेथे संपला.

घोडदळात तो संपायला आणखी सव्वाशे वर्षे लागली, आणि ती इंग्रजांच्या राज्यात. कंपनी सरकारला शिलेदारी फार आवडली, कारण ती स्वस्त होती. शिंद्यांच्या फौजेतून आलेल्या जेम्स स्किनरचे १८०३चे घोडदळ याच धर्तीचे. १८१७च्या पुणे तहानुसार दुसऱ्या बाजीरावाच्या खर्चाने उभे राहिलेले घोडदळही तसेच. तेच पुढे 'पूना हॉर्स' झाले. इंग्रजांनी शब्दही आपलाच घेतला, फक्त उच्चार बिघडवून 'सिलादार' केला. भरती होणारा जवान घोडे घेऊन येई किंवा 'असामी' म्हणून ठराविक रक्कम पलटणीत भरी. घोडे, खोगीर, गणवेश, तंबू हे सारे या व्यवस्थेतून. सरकारकडून मुख्यतः बंदूक आणि दारूगोळा.

मात्र एक सुधारणा त्यात झाली, ती म्हणजे चंदा. दर महिन्याला प्रत्येक स्वाराच्या पगारातून थोडी रक्कम कापून एका सामाईक निधीत टाकायची आणि कोणाचे घोडे मेले की त्यातून त्याला नवे द्यायचे. एकाचे घोडे मेल्याने एकाचे घर बुडू नये म्हणून सहाशे जणांनी थोडे थोडे सोसायचे. आपण ज्याला आज विमा म्हणतो तो हाच. पेशवाईतील शिलेदाराला हे सुचले नसेल असे नाही. पण असा निधी चालवायचा तर पलटण कायमची हवी, हिशोब उघडा हवा आणि पगार वेळेवर हवा. पगार वेळेवर, हीच तर त्या काळातील सर्वांत दुर्मीळ वस्तू!

पहिल्या महायुद्धात ही व्यवस्था मोडली. १९१४ मध्ये मद्रासकडची तीन रिसाले सोडली तर हिंदी घोडदळ जवळपास सारे शिलेदारी होते. पूना हॉर्स आणि डेक्कन हॉर्स फ्रान्सला गेले. पलटणीपलटणीने आपापले घोडे खरेदी करायचे आणि चंद्यातून तूट भरायची, ही रीत मराठवाड्याच्या किंवा पंजाबच्या बाजारात चालते. फ्रान्सच्या चिखलात, हजारो मैलांवर, जेथे दर आठवड्याला माणसे आणि जनावरे पडत आहेत, तेथे ती चालणे शक्यच नव्हते. सरकारला घोडे, साज आणि कपडे स्वतःच पुरवावे लागले. युद्ध संपल्यावर, १९२१च्या सुमारास, शिलेदारी पद्धत रीतसर बंद झाली. घोडा पुन्हा सरकारचा झाला, आणि थोड्याच वर्षांत घोडाच गेला. पूना हॉर्स आज भारतीय सेनेची रणगाड्यांची रेजिमेंट आहे. १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच रेजिमेंटचे होते. पेटलेला रणगाडा सोडून बाहेर पडण्याचा आदेश आला, तेव्हा आपली तोफ अजून चालते आहे असे त्यांनी कळविले आणि ते तेथेच लढत राहिले.

मग हल्ली शिपायाच्या हातून सरकारी वस्तू गेली तर काय होते? १९५०च्या सेना अधिनियमात कलम ५४ याच विषयावर आहे. नेमून दिलेले शस्त्र, दारूगोळा, साहित्य किंवा कपडे यांची जाणूनबुजून विल्हेवाट लावली तर १० वर्षांपर्यंत कैद. हयगयीने हरवले तर ५ वर्षांपर्यंत. विकणे वेगळे आणि हयगय वेगळी, हा भेद कायद्याने स्पष्ट ठेवला आहे. त्याच कलमात आणखी एक वस्तू येते, जिच्यावाचून कोणतीही लढाई अडत नाही. सरकारने दिलेले पदक शिपायाने विकले, गहाण टाकले किंवा मोडून टाकले, तर तोही या कलमाखालचा गुन्हा आहे.